प्राणीशास्त्र झालं, आता डास-गोचिडींच्या रोगांवर काम करायचंय. कोकणातल्या मुलीने या वाटेला जावं का?

ओहोळ
नमस्कार मंडळी. वाचते बरेच दिवस, लिहिते पहिल्यांदाच. मी कुडाळजवळच्या एका गावातली. यंदा बी.एस्सी. प्राणीशास्त्र पूर्ण झालं. घरच्यांनी दोन वाटा ठरवून ठेवल्या आहेत. एक तर बी.एड. करायचं, नाहीतर स्पर्धा परीक्षा द्यायच्या. मला मात्र डास, गोचीड, पिसवा यांच्यामुळे पसरणाऱ्या रोगांचा अभ्यास करायचा आहे.

हे डोक्यात कधी शिरलं ते सांगते. २०१६ साली दोडामार्गात माकडतापाची, म्हणजे गोचिडीमुळे होणाऱ्या तापाची, साथ आली तेव्हा मी सातवीत होते. माझी आत्या तिकडची. काजूच्या बागेत मजुरीला जायची. एकदम ताप भरला, डोकं फुटेल असं दुखायचं, आठवडाभराने उतरला आणि पुन्हा आला. ती वाचली, पण उभं राहायला तिला दोन महिने लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बागेत बाहेरून आलेली तीन-चार माणसं दिसली. पांढरं जाड फडकं काठीला बांधून ती पातेऱ्यावरून, म्हणजे गळलेल्या पानांवरून, सावकाश ओढत होती. मग फडकं उलटं केलं. त्यावर तीळ सांडावेत तसे बारके ठिपके होते, आणि ते चालत होते. आत्या म्हणाली, "एवढ्याश्यान माका झोपवल्यान?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

माझे प्रश्न : यात नोकरी आहे का? कोकणात राहून हे काम करता येतं का? आणि रानात, अवेळी फिरावं लागतं, तर मुलीला कितपत जमतं? बाबांना दाखवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगा.

परळचा_पाऊस
पुदुच्चेरीला आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं) व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर आहे, १९७५ पासूनचं. तिथे सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. होते, पदवी पाँडिचेरी विद्यापीठाची. प्राणीशास्त्रवाल्यांना चालते. प्रवेश परीक्षा असते. आधी ते बघ.

देवगडकर_भाऊ
मुली, तुझी तळमळ समजते. पण मी बाप आहे, बापाच्या बाजूने बोलतो. माझा पुतण्या अशाच एका संशोधन प्रकल्पावर होता. अकरा-अकरा महिन्यांची ऑर्डर. प्रकल्प संपला, हा घरी. वय बत्तीस. नेट-जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० मिळतात हे खरं, पण ती पाच वर्षांची शिष्यवृत्ती झाली, नोकरी नव्हे. त्यापेक्षा कीटकच आवडत असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा विचार कर. आंब्यावरचा तुडतुडा आणि फळमाशी कोकणातून कधी जायची नाही. त्या अभ्यासाला इथे बागायतदार पैसे मोजतो. माणसाला चावणाऱ्या डासासाठी कोण मोजतो?

पातेरा
भाऊ, कृषी कीटकशास्त्राला कृषीची पदवी लागते ना? ती प्राणीशास्त्राची आहे.

आणि एक दुरुस्ती, रागावू नका. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, गोचिडीला आठ. ती कोळ्या-विंचवांच्या गोतावळ्यातली.

सुरंगीचा_वळेसर
पण गोचिडीच्या पिल्लाला सहाच पाय असतात, मी वाचलंय. म्हणजे लहानपणी आपल्याकडे, मोठेपणी कोळ्यांकडे. मामाच्या गावाला वाढलेलं लेकरू जसं. :)

पातेरा
हे बरोबर आहे! अंड्यातून निघते तेव्हा सहा पाय, रक्त पिऊन पहिली कात टाकली की आठ. माणसाला माकडताप बहुतेक त्या मधल्या, तिळाएवढ्या अवस्थेतली गोचीड चावून होतो. ओहोळने फडक्यावर पाहिले ते तीळ तेच असणार.

नाना_हिवतापवाले
धागा वाचून राहवलं नाही. मी १९८४ साली आरोग्य खात्यात लागलो, २०१५ ला निवृत्त झालो. सगळी नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. मी शास्त्रज्ञ नव्हे, पण शास्त्रज्ञांना लागणारं रक्त आणि डास गोळा करणारा माणूस मी.

दर पंधरवड्याला घरोघर जायचो. ताप आलेल्याचं बोट टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचा, आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख घालायची. ती चौकट अजून जुन्या घरांवर दिसते. हत्तीरोगाचं काम मात्र रात्रीचं. त्याच्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्र झाली की कातडीखालच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून आम्ही रात्री दहानंतर बॅटरी घेऊन वाडीत शिरायचो. कुत्री अंगावर यायची. झोपलेला माणूस उठून विचारायचा, "दिवसा येऊक काय झालां?" त्याला ही जंतांची गोष्ट सांगितली की तो स्वतः बोट पुढे करायचा, वर शेजाऱ्यालाही उठवायचा. तीस वर्षांत मला कळलेली गोष्ट एवढीच. कारण समजलं की माणूस नाही म्हणत नाही.

कोकण रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा बोगद्यांच्या तोंडाशी मजुरांच्या झोपड्या होत्या. बाहेरच्या प्रांतांतून आलेली माणसं, काहींच्या अंगात हिवताप आधीचाच. डास आमचे, परजीवी त्यांचा, पाणी खणलेल्या खड्ड्यांत. तिन्ही एकत्र आले की काय होतं ते मी रोज काचपट्ट्यांवर पाहत होतो. चिरेखाणींचंही तेच. चिरे काढून झाले की खाण तशीच सोडतात. पहिल्या पावसात तिचं तळं होतं आणि सप्टेंबरात तिथे ॲनोफिलीसच्या, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्या असतात. आम्ही कळशीत अळ्या खाणारे गप्पी मासे घालून यष्टीने न्यायचो. कंडक्टर त्यांचं तिकीट मागायचा नाही, पण "कालवणाक काय?" म्हणून विचारायचाच.

आमच्यात कीटक समाहारक नावाचं पद असतं. पहाटे गोठ्यात जाऊन, बॅटरीच्या उजेडात, परीक्षानळीत एकेक डास धरायचा. तासाभरात एका माणसाने किती धरले, त्यावर गावातली डासांची घनता काढतात. आमचा समाहारक डास भिंतीवर कसा बसलाय ते बघून जात सांगायचा. डोकं खाली, मागचा भाग वर, तिरका बसला तर ॲनोफिलीस. भिंतीला समांतर बसला तर क्युलेक्स. मुली, तू आलीस तर आधी हे शीक. यंत्र नंतर.

काजूवालो_दोडामार्ग
नानांनू, नमस्कार. माझा लिवना मालवणीतच वाचून घेवा.

२०१६ क केर गावात पयले पेशंट गावले तेव्हा आमका कायएक म्हायत नव्हता. वानर मरान पडलेलो दिसलो तर आमी तो पुरून टाकू. आता तसा करनव नाय. लांब रवतो आणि फोन करतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्यो गोचडी खाली उतरतत आणि थयच पातेऱ्यात दुसऱ्याची वाट बघतत, ह्या आमका त्या फडकावाल्यांनी समजावल्यान. बागेत जाताना अंगाक तेल लावतो, पायजमो मोज्यात खोवतो, घराक इल्यावर गरम पाण्यान आंघूळ.

पोरी, तुझी आत्या आमच्याच वळणाची असतली. शिकून इलंस की आमच्या बागेत ये. पातेरो हयसरच असा.

सुरंगीचा_वळेसर
काका, एक शंका. माकडताप नेमका काजूच्याच दिवसांत का येतो?

पातेरा
मी प्रयत्न करतो. पावसाळा संपला की गोचिडीच्या अंड्यांतून पिल्लं निघतात. ती रक्त पिऊन कात टाकतात आणि डिसेंबर-जानेवारीपासून ते तिळाएवढे आठपायी जीव पातेऱ्यात भरपूर होतात. नेमकं तेव्हाच माणूस रानात उतरतो. भाजावळीसाठी पातेरा गोळा करायचा, लाकूडफाटा आणायचा, मग काजू वेचायचा. पाऊस पडला की गोचिडी कमी होतात, आपणही शेतात जातो. त्यामुळे डिसेंबर ते मे हाच त्याचा मोसम.

आणि गुरं. मोठी गोचीड गुरांच्या रक्तावर पोसते आणि खाली पडून अंडी घालते. रानात गुरं चरायला सोडली की गोचिडी वाढतात. गुरं आजारी पडत नाहीत म्हणून कुणाला संशयही येत नाही.

अळी_ते_कोष
उशिरा येतेय, पण हा धागा माझाच आहे असं वाटलं. मी मूळची गुहागर तालुक्यातली. पुदुच्चेरीला एम.एस्सी., नंतर पीएच.डी., आणि एकूण बारा वर्षं याच कामात. ओहोळ, तुझ्या बाबांना हे वाचून दाखव. चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिते.

वाईट आधी. भाऊंचं खरं आहे. पीएच.डी.नंतर मी तीन प्रकल्पांवर काम केलं, तीन वेगवेगळ्या राज्यांत. मधे आठ महिने घरी होते. एका संस्थेने मुलाखत घेतली, निवड कळवली आणि मग पदच गोठवलं. त्या आठ महिन्यांत आई रोज एकच विचारायची, "शाळेत जागा निघाली आहे, अर्ज करतेस?" कायम जागा कमी आहेत. आयसीएमआरच्या संस्थांत वैज्ञानिक, राज्याच्या आरोग्य खात्यात कीटकशास्त्रज्ञ, मोठ्या महापालिकांची कीटकनाशक खाती, आणि डास मारायच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी प्रयोगशाळा. यादी इथे जवळजवळ संपते. जाहिराती नियमित निघत नाहीत. पहिली सात-आठ वर्षं गाव सोडावं लागेल हे धरून चाल.

आता काम कसं असतं ते. पहाटे गोळा केलेले डास दहा वाजेपर्यंत टेबलावर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी डासाचं डोकं हलकेच ओढायचं. बरोबर ओढलं तर लाळग्रंथी अखंड बाहेर येतात, काचेसारख्या स्वच्छ, प्रत्येकी तीन पाकळ्यांच्या. त्यात हिवतापाचे सुईसारखे बारीक परजीवी दिसले तर तो डास माणसाला रोग देऊ शकणारा. शेकडो डास फोडल्यावर असा एखादा सापडतो. मला पहिला सापडला तेव्हा मी टेबलापासून उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

रोनाल्ड रॉसची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी. त्या दिवशी जागतिक डास दिन असतो. पण दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, ज्याच्या रक्तावर ते डास पोसले तो रुग्ण हुसेन खान. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. आणि दोन, रॉसला त्या डासाचं नावच माहीत नव्हतं. तो त्याला "ठिपकेदार पंखांचा डास" म्हणत राहिला. इतका मोठा शोध लागला आणि डास ओळखणारा माणूस जवळ नव्हता. आजही खूप ठिकाणी तीच अवस्था आहे. जनुकं वाचायची यंत्रं आहेत, पण पंखावरचे ठिपके बघून जात सांगणारे निवृत्त होत चालले आहेत. नानांचा समाहारक होता तसे.

मुलगी म्हणून विचारलंस. रात्रीच्या कामाला एकटं पाठवत नाहीत. मी सोबत नेहमी गावातल्या आशाताईला घ्यायचे. घराचं दार तिच्यामुळे उघडायचं आणि आतल्या बायका माझ्याशी जे बोलायच्या ते माझ्या पुरुष सहकाऱ्यांना कधी कळलं नसतं. पाणी कुठल्या पिंपात किती दिवस साठवलंय हे घरातल्या बाईलाच ठाऊक असतं, आणि डेंग्यूचा सगळा अभ्यास त्या पिंपापाशी सुरू होतो.

देवगडकर_भाऊ
ताई, प्रामाणिक लिहिलंत, आभार. पण तुमच्याच लिहिण्यात माझा मुद्दा आला. आठ महिने घरी. तुमच्या आईने किती सोसलं असेल.

अळी_ते_कोष
सोसलं, भाऊ. तिने बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी तिने फणसपोळी, आमसुलं, कोकमं सगळं विकायला काढलं होतं. मी ते विसरलेले नाही. म्हणूनच ओहोळला सांगते आहे की पहिल्या दिवसापासून सांख्यिकी शीक, नकाशावर रुग्ण आणि पाणवठे मांडायचं सॉफ्टवेअर शीक. दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात मला त्यानेच काम दिलं.

जनुकवाला
थोडा वेगळा सूर लावतो. इतकं पहाटे गोठ्यात जाणं आणि फडकी ओढणं आता मागे पडणार. प्रयोगशाळेत जा. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया नावाचा, डासात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा जिवाणू घातलेले एडिस डास सोडले, तिथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. २०२१ साली तो निकाल छापून आला. पुदुच्चेरीलाही तसे डास तयार केले आहेत. भविष्य तिकडे आहे.

अळी_ते_कोष
ते काम मला मनापासून आवडतं. पण ते डास एडिस इजिप्ती जातीचे. शहरातल्या पिंपात, कुलरमध्ये राहणारे. आपल्या माडा-पोफळीच्या बागांत राज्य असतं एडिस अल्बोपिक्टसचं, पट्टेरी वाघ डासाचं, आणि त्याच्या अंगात वोल्बाकिया निसर्गतःच असतो. म्हणजे ती युक्ती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. कुठल्या वाडीत कुठला डास किती, हे आधी कुणीतरी पायी फिरून मोजायलाच हवं.

गेल्या पावसाळ्यात आईकडे गेले होते तेव्हा सवयीने परसात फिरले. करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, लाकडांवरच्या ताडपत्रीची खळगी, जुनी दोण. विरीत पेलाभर पाणी आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. बंदरावर गेले तर होड्यांना बाजूने बांधलेले टायर, त्यांतही पावसाचं पाणी आणि अळ्या. ती होडी दुसऱ्या बंदराला लागली की डासही तिकडे उतरणार. एडिसची अंडी सुकी राहूनही महिनोन् महिने टिकतात, पाणी लागलं की उबतात. बागायतदाराला "आठवड्याला एकदा विऱ्या उचला" सांगणं सोपं. चारशे पोफळींच्या बागेत ते कसं जमवायचं याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. ओहोळ, कोकणात बसून करायचा अभ्यास हवा असेल तर हा घे.

जनुकवाला
अल्बोपिक्टसचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य.

परळचा_पाऊस
मुंबईचा एक किस्सा सांगून जातो. १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. डास कुठे सापडले? लोकांच्या घरच्या विहिरींत, पाण्याच्या टाक्यांत. ॲनोफिलीस स्टीफेन्सायला स्वच्छ पाणी लागतं. मग विहिरी बुजवा, झाका, असा आदेश निघाला आणि धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागणाऱ्यांनी हरकत घेतली. मधली वाट म्हणून झाकणात छोटं दार ठेवलं. आमच्या जुन्या वाड्यातल्या विहिरीला तसं लोखंडी झाकण होतं. आजी त्या दारातून पोहरा सोडायची.

सुरंगीचा_वळेसर
आमच्या विहिरीत गप्पी मासे आहेत. एक विचारू? भाताच्या दिवसांत आमच्याकडे लेप्टोची फार भीती असते. तोही यातच येतो का?

नाना_हिवतापवाले
नाही. लेप्टो उंदराच्या मुतातून येतो, चिखलात जखमी पाय गेला की. त्यात डासाचा संबंध नाही. पण ताप सुरुवातीला सारखाच दिसतो. हिवताप, डेंग्यू, लेप्टो, माकडताप, आणि माइट या गोचिडीसारख्या बारीक जीवाच्या पिल्लाने होणारा स्क्रब टायफस, सगळ्यांची सुरुवात "अंग मोडून येतंय" इथूनच. म्हणून पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढू नये. रक्त द्यावं.

पातेरा
स्क्रब टायफसमध्ये चावल्या जागी काळी खपली येते, विडी टेकवल्यासारखी. काखेत, कमरेच्या नाडीखाली असते म्हणून दिसत नाही. डॉक्टरांना शोधायला सांगा.

ओहोळ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना बसवून पहिल्यापासून वाचून दाखवलं. अळीताईंच्या आठ महिन्यांपाशी ते म्हणाले, "बघ." नानांच्या "दिवसा येऊक काय झालां"पाशी मात्र थांबले. म्हणाले, आमच्या घरीही असे लोक यायचे, माझ्या आजोबांचा पाय सुजलेला होता. मला हे आजवर माहीत नव्हतं. पणजोबांचा एकही फोटो पाय दिसेल असा का नाही, तेही काल कळलं.

ठरलं ते असं. पुदुच्चेरीची प्रवेश परीक्षा द्यायची. नाही जमलं तर त्याच वर्षी बी.एड.ला अर्ज करायचा, ही बाबांची अट, आणि मला ती मान्य आहे. भाऊकाका, तुमचंही ऐकलं हे दिसतंय ना?

देवगडकर_भाऊ
दिसतंय. परीक्षा नीट दे. पुतण्याची सांख्यिकीची पुस्तकं पडून आहेत, हवी असतील तर देवगडच्या यष्टीने पाठवतो.

अळी_ते_कोष
अभ्यासक्रमाबद्दल व्यक्तिगत निरोप केला आहे. अळ्या ओळखायला आतापासून सुरुवात कर. पांढरी थाळी, पळी आणि भिंग पुरे. पृष्ठभागाला समांतर पडून राहते ती ॲनोफिलीसची. डोकं खाली करून लोंबते ती क्युलेक्स किंवा एडिसची.

नाना_हिवतापवाले
माझ्याकडे रंगवलेल्या काचपट्ट्यांची एक लाकडी पेटी आहे. निवृत्त होताना साहेबांनी शिकवण्यासाठी म्हणून ठेवून घ्यायला सांगितलेली. फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीची केळ्यासारखी अवस्था, गॅमिटोसाइट, आहे, हत्तीरोगाचं पिल्लू आहे. नातवंडांना त्यात गोडी नाही. परीक्षेला जाण्याआधी बाबांना घेऊन कणकवलीला ये. पत्ता निरोपात देतो.

काजूवालो_दोडामार्ग
आणि फेब्रुवारीत हय. फडका घेवन ये, काठी माझ्याकडे असा.